चर्चमधलं बीपीचं टेबल: फेथ कम्युनिटी नर्स म्हणून सुरुवात कशी करायची

अमेरिकेत आलात, एनक्लेक्स (इथल्या नर्सिंग लायसन्सची परीक्षा) झाली, लायसन्स आलं, आणि पहिल्याच महिन्यात रविवारच्या उपासनेनंतर कॉफीच्या रांगेत कुणीतरी बाही वर करून विचारतं, "तू नर्स आहेस ना, माझं बीपी बघतेस का जरा?" आपल्या बऱ्याच जणींची सुरुवात अशीच होते. आपण भिडस्त, नाही म्हणवत नाही, पर्समधलं मशीन काढतो आणि तिथेच उभ्या उभ्या बीपी घेऊन टाकतो. ज्या सिस्टर आणि ब्रदर लोकांना हे नीट करायचंय त्यांच्यासाठी लिहितेय, कारण हे खरंच एक काम आहे, त्याला फेथ कम्युनिटी नर्सिंग (चर्च-मंदिरासारख्या उपासनेच्या जागी नर्सने करायचं काम) असं नाव आहे, कोर्स आहे, नियम आहेत, आणि नीट केलं तर माणसाचा स्ट्रोक टळू शकतो.

मी मिरजेला शिकले, आता शिकागोच्या एका उपनगरात राहते आणि आमच्या मेथडिस्ट मंडळीत (चर्चच्या सभासदांत) नऊ वर्षं फेथ कम्युनिटी नर्स आहे. पगार नाही, आठवड्याचे सहा-सात तास जातात. मंडळी मिश्र आहे, निम्म्याहून जास्त आफ्रिकन अमेरिकन, बरेच फिलिपिनो, आणि आम्ही तीन भारतीय कुटुंबं.

आधी थोडं मागचं सांगते, कारण पाळकांशी (पास्टरशी) बोलताना ते उपयोगी पडतं. पूर्वी याला पॅरिश नर्सिंग म्हणायचे. ग्रेंजर वेस्टबर्ग नावाचे एक लुथरन पाळक होते, त्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात इथेच शिकागोजवळ पार्क रिजमधल्या लुथरन जनरल हॉस्पिटलच्या मदतीने काही चर्चेसमध्ये नर्स नेमल्या, आणि तिथून हे देशभर पसरलं. १९९८ मध्ये अमेरिकन नर्सेस असोसिएशनबरोबर या कामाची मानकं छापली गेली आणि २००५ मध्ये नाव बदलून सगळ्या धर्मांना सामावणारं केलं. म्हणजे तुम्ही मंदिरात जाणारे असाल तरी खालचं सगळं तुम्हालाही लागू आहे, पाळकांच्या जागी ट्रस्टी धरा आणि पॉटलकच्या (सगळे घरून एकेक पदार्थ आणतात त्या जेवणाच्या) जागी महाप्रसाद. मिरजेचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं, त्यामुळे प्रार्थना आणि दवाखाना एका आवारात असणं आपल्याकडच्या माणसाला काही नवीन नाही. फरक एवढाच की इथे हॉस्पिटलात चर्च नाही, चर्चमध्ये नर्स.

आणि बीपीच का? तर अमेरिकेतल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांना हाय बीपी आहे, ते दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे गोळी विसरायला फार सोपी. डॉक्टर त्यांना वर्षातून दोन-तीनदा पंधरा मिनिटं बघतो. तुम्ही त्यांना वर्षाचे ५२ रविवार बघता.

पहिली पायरी: मशीन नंतर, कागद आधी

तुम्ही ज्या राज्यात हे काम करणार त्या राज्याचं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स चालू पाहिजे. भारतातलं रजिस्ट्रेशन इथे चालत नाही आणि लायसन्स यायच्या आधी "मी नर्स आहे" म्हणून टेबल लावून बसू नका, अगदी पाळकांनी आग्रह केला तरी. लायसन्स आलं की फाउंडेशन्स ऑफ फेथ कम्युनिटी नर्सिंग हा कोर्स करा, ऑनलाइनही होतो. हॉस्पिटलच्या सवयी सोडायला तो फार लागतो.

मग पाळकांबरोबर बसून एका पानावर लिहून काढा की तुम्ही काय करणार आणि काय नाही. बीपी मोजणार, समजावून सांगणार, डॉक्टरकडे पोचवणार, आजाऱ्यांना घरी भेटणार, कुणाला हवी असेल तर प्रार्थना करणार. इंजेक्शन देणार नाही, ड्रेसिंग करणार नाही, निदान करणार नाही, गोळी वाढव किंवा कमी कर असं सांगणार नाही. हे पान मंडळीच्या कमिटीकडून मंजूर करून घ्या, चर्चच्या इन्शुरन्समध्ये तुमचं काम धरलंय का ते विचारा, आणि स्वतःचा मालप्रॅक्टिस इन्शुरन्स घ्या, तो काही फार महाग नसतो. कंटाळवाणं आहे मान्य आहे, पण एकदाच करायचंय.

दुसरी पायरी: जागा

इथे माझ्याकडून चूक झाली होती, ती पूर्ण सांगते म्हणजे तुमच्याकडून व्हायला नको. पहिल्या वर्षी मी टेबल फेलोशिप हॉलमध्ये कॉफीच्या किटलीशेजारी लावलं, सगळे तिथेच येतात म्हणून. एक बाई आल्या, साठीच्या, हातात कॉफीचा कप, गायनमंडळात तासभर उभं राहून आलेल्या, शेजारणीशी गप्पा चालूच, आणि मी तशातच कफ बांधला. १७२/९८. मी घाबरले, दुसऱ्यांदा नीट मोजायचं सोडून त्यांना सरळ इमर्जन्सीत पाठवलं. तिथे त्या सहा तास बसल्या, काहीही औषध न देता बीपी खाली आलं, आणि महिन्याने घरी बिल आलं. दोन महिने त्या चर्चला आल्या नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली तेव्हा त्या मला म्हणाल्या, "सिस्टर, यू स्केअर्ड मी." आजही त्यांचं बीपी घेताना मला ते आठवतं.

तर टेबल कॉफीपासून लांब. आम्ही आता शब्बाथशाळेची (संडे स्कूलची) एक खोली घेतलीय, दार लागतं, पाठ असलेल्या दोन खुर्च्या बाहेर आणि एक आत. बाहेरच्या खुर्चीवर बसायचं, न बोलता, पाच मिनिटं. तिथे मी भिंतीवर एक घड्याळ लावलंय आणि एका स्वयंसेवक आजोबांना बसवलंय, ते कुणाला बोलू देत नाहीत, फार प्रेमाने पण बोलू देत नाहीत.

तिसरी पायरी: मशीन आणि मुख्य म्हणजे कफ

दंडावरचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटावरचं नको. अचूकतेची तपासणी झालेल्या मशीनची यादी ऑनलाइन बघता येते, त्यातलंच घ्या, डिस्काउंट बघून घेऊ नका. पण मशीनपेक्षा मोठी भानगड कफची. बॉक्समध्ये एकच कफ येतो आणि लोक तोच सगळ्यांना बांधतात. दंडाचा घेर टेपने मोजा: २७ ते ३४ सेंटीमीटरला साधा अडल्ट कफ, ३५ ते ४४ ला लार्ज, ४५ ते ५२ ला एक्स्ट्रा लार्ज, २२ ते २६ ला स्मॉल. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा वर जातो, ज्याला एक्स्ट्रा लार्ज लागतो त्याला साधा बांधला तर वरचा आकडा २० पॉइंटपर्यंत जास्त येऊ शकतो. म्हणजे बघा, धडधाकट माणसाला आपण पेशंट करून टाकू शकतो, फक्त कफमुळे. तुमचं मशीन लार्ज आणि एक्स्ट्रा लार्ज कफ घेतं ना ते आधी बघा, निदान तीन साइज ठेवा आणि प्रत्येकाच्या कार्डावर त्याचा साइज लिहा म्हणजे दर वेळी मोजायला नको.

चौथी पायरी: मोजणं

हे आपल्याला येतं असं वाटतं. वॉर्डात तीस पेशंटचं बीपी घेतलेल्या माणसाला तर नक्कीच वाटतं. तरी वाचा.

अर्धा तास आधी कॉफी, सिगरेट, व्यायाम नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या म्हणावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. दंड उघडा, रविवारच्या सुटाच्या बाहीवरून कफ बांधायचा नाही (बायकांचे चर्चचे ड्रेस घट्ट बाह्यांचे असतात, म्हणून बुलेटिनमध्ये आधीच्या आठवड्यात छापा की बीपी रविवार आहे, सैल बाही घाला). हात टेबलावर, कफ हृदयाच्या पातळीला. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा साधारण ४ ने जास्त येतो, नुसता खाली सोडला तर ६-७ ने. बोलायचं नाही, त्यांनीही आणि तुम्हीही, आणि आपल्यालाच ते जास्त जड जातं.

दोन रीडिंग, मध्ये किमान एक मिनिट, आणि सरासरी लिहायची. पहिल्या वेळी दोन्ही हात, मग ज्या हाताचं जास्त येतं तोच कायम. डायलिसिसचा फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) असलेल्या हातावर मोजू नका. ब्रेस्टचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सोडा. आणि मशीन लावायच्या आधी निदान तीस सेकंद नाडी हाताने बघा, अनियमित लागली तर मशीनच्या आकड्यावर फार भरवसा ठेवू नका आणि तेवढं डॉक्टरला कळवायला सांगा. एका आजोबांची एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आमच्याकडे अशी बोटांनी सापडली होती.

पाचवी पायरी: आकड्याचं काय करायचं

अमेरिकेत २०१७ पासूनची वर्गवारी अशी: १२०/८० च्या खाली नॉर्मल, वरचा १२० ते १२९ आणि खालचा ८० च्या आत म्हणजे थोडं वाढलेलं, १३० ते १३९ किंवा ८० ते ८९ म्हणजे स्टेज एक, १४० किंवा ९० आणि त्यावर स्टेज दोन. आपण भारतात १४०/९० धरून शिकलो म्हणून १३४ बघून "ठीक आहे" म्हणायची सवय असते, ती सोडा. पण एका रविवारच्या रीडिंगवर कुणालाही "तुम्हाला बीपी आहे" असं म्हणायचं नाही, ते डॉक्टरचं काम. आपण म्हणायचं, आज जास्त आलंय, पुढच्या रविवारी परत बघू आणि मधे घरी मोजा.

१८०/१२० च्या वर आलं तर? आधी विचारा: छातीत दुखतंय, धाप लागतेय, बोलताना जीभ अडखळतेय, एका बाजूचा हातपाय जड वाटतोय, दिसायला अंधुक, डोकं भयंकर दुखतंय, पाठीत चमक? यातलं एक जरी असलं तर ९११ (इमर्जन्सीचा नंबर), तिथल्या तिथे, परत मोजत बसायचं नाही, आणि कुणाच्या गाडीतून पाठवायचं नाही. काहीच त्रास नसेल तर शांत बसवा, पाच मिनिटांनी परत मोजा, तरी तेवढंच असेल तर त्याच दिवशी त्यांच्या डॉक्टरच्या ऑन-कॉल नंबरला तुमच्यासमोर फोन लावायला सांगा. तुमच्यासमोर, हे महत्त्वाचं. घरी जाऊन करतो म्हणणारे करत नाहीत.

सहावी पायरी: कफ काढल्यावरची दहा मिनिटं

मला विचाराल तर सगळं काम इथे आहे. लॉस एंजेलिसमध्ये ५२ न्हाव्याच्या दुकानांत एक अभ्यास झाला होता, २०१८ मध्ये छापून आला, हाय बीपी असलेले ३१९ आफ्रिकन अमेरिकन पुरुष होते त्यात. काही दुकानांत न्हावी नुसता सल्ला द्यायचा आणि डॉक्टरकडे जा म्हणायचा, काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः यायचा आणि डॉक्टरांशी ठरवून औषध तिथेच बदलायचा. सहा महिन्यांनी सल्लावाल्यांचा वरचा आकडा सरासरी ९ ने उतरला, औषधवाल्यांचा २७ ने. आपण औषध देऊ शकत नाही, मग आपलं काम काय, तर माणूस आणि औषध देणारा यांच्यामधलं अंतर मिटवणं. "डॉक्टरला दाखवा हं" एवढं म्हणून सोडून देणं म्हणजे ९ वाला गट.

विचारायचं कसं ते सांगते. "गोळ्या घेता ना रोज?" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. त्याऐवजी, "गेल्या आठवड्यात किती दिवस गोळी राहून गेली?" म्हणजे राहणं हे गृहीतच धरायचं, मग लोक खरं बोलतात.

आमच्या एक अशर (चर्चच्या दाराशी लोकांचं स्वागत करणाऱ्या) बाई आहेत, पंच्याहत्तरीच्या, पांढरा ड्रेस, पांढरे हातमोजे, दाराशी दोन तास ताठ उभ्या. घरची डायरी बघितली तर सोमवार ते शनिवार १२८, १३०, १२६. माझ्याकडे रविवारी कायम १५० च्या वर. मी चार रविवार विचार करत होते की माझं मशीन बिघडलंय की उभं राहून होतंय. मग वरचा प्रश्न विचारला. त्यांनी पर्स उघडली, एका टिश्यूत गुंडाळलेली छोटी गोळी दाखवली. लघवीची गोळी. म्हणाल्या, ही सकाळी घेतली तर मला दर वीस मिनिटांनी जावं लागतं आणि देवाच्या घराचं दार सोडून मी कुठे जाऊ. रविवारी ती गोळी त्या पर्समध्येच ठेवायच्या, घरी जाऊन बहुतेक वेळा विसरायच्या. आम्ही दोघींनी सोमवारी त्यांच्या डॉक्टरच्या नर्सला फोन केला, डॉक्टर म्हणाले रविवारी जेवणानंतर घ्या, हरकत नाही. एवढंच. हे डॉक्टरला पंधरा मिनिटांत कधीच कळलं नसतं, कारण त्या डॉक्टरकडे रविवारी जात नाहीत.

बाकी नेहमीची कारणं: गोळी महाग (कुठल्या फार्मसीत स्वस्त जेनरिकची यादी आहे ते माहीत ठेवा, लिसिनोप्रिल, अम्लोडिपिनसारख्या जुन्या गोळ्या अगदी थोड्या डॉलरमध्ये मिळतात, इन्शुरन्स नसेल तर उत्पन्नाप्रमाणे फी घेणारं कम्युनिटी हेल्थ सेंटर, आणि जेवण, भाडं, गाडी असल्या अडचणींना २११ नंबर, मदत कुठे मिळेल ते तिथे सांगतात). कोरडा खोकला येतो म्हणून गोळी बंद केलेली, तर तो काही गोळ्यांचा माहीत असलेला त्रास आहे, डॉक्टर बदलून देतात. गुडघ्यासाठी रोज आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन, सर्दीसाठी स्यूडोएफेड्रिन, ही दोन्ही बीपी वाढवतात आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतात म्हणून लोकांना औषध वाटतच नाहीत. उपास हाही एक, लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपासकाळात) किंवा एकवीस दिवसांचा डॅनियल फास्ट (फळं-भाज्यांवरचा उपास) करताना लघवीची गोळी चालू असेल तर गुडघ्यावरून उठताना चक्कर येते, डॉक्टरला आधी विचारून ठेवायला सांगा.

आणि एक नाजूक. "मी बरा झालोय असा मला विश्वास आहे, म्हणून गोळी सोडली." यावर वाद घालू नका, हसू तर अजिबात नका. मी विचारते, आपण देवाने दिलेलं बरेपण मोजून बघू या का? आणि गोळी डॉक्टरला विचारून सोडू या का? क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर या बीपीच्या गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळी घेतं किंवा हृदयाला त्रास होतो, ते समजावून सांगते. आमचे पाळक स्वतः व्यासपीठावरून म्हणाले की मी सकाळी प्रार्थना करतो आणि मग गोळी घेतो. त्या एका वाक्याने माझं वर्षाचं काम हलकं केलं. तुमच्या पाळकांना बीपी असेल आणि त्यांची तयारी असेल तर हे त्यांच्याकडून वदवून घ्याच.

सातवी पायरी: पॉटलक

मिठाचं सांगताना चमच्यात सांगा. दिवसाला सोडियम २३०० मिलिग्रॅमच्या आत, बीपीवाल्यांना १५०० पर्यंत आलं तर उत्तम, आणि एक चहाचा चमचा मीठ म्हणजेच साधारण २३०० संपलं. पण इथे लोक वरून मीठ कमी खातात, बहुतेक सोडियम पॅकबंद आणि बाहेरच्या खाण्यातून येतं: डब्यातलं सूप, हॅम, ब्रेड, चीज. फिलिपिनो कुटुंबांत सोया सॉस, एका मोठ्या चमच्यात ९०० च्या आसपास. आपल्याकडे लोणचं, पापड, फरसाण. म्हणून मी "मीठ कमी करा" म्हणतच नाही, पाकीट हातात देते आणि लेबल वाचायला लावते, सोडियम ५ टक्के किंवा कमी म्हणजे कमी, २० टक्के किंवा जास्त म्हणजे जास्त. "रिड्यूस्ड सोडियम" लिहिलेलं म्हणजे फक्त त्याच मालाच्या नेहमीच्या डब्यापेक्षा २५ टक्के कमी, "लो सोडियम" म्हणजे एका सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅमपर्यंत. डब्यातल्या राजम्याचं पाणी ओतून धुऊन घ्या.

किचनच्या बायकांना आधी विश्वासात घ्या, त्यांच्या कॉलर्ड ग्रीन्सला (हॅम घालून शिजवलेल्या पालेभाजीला) नावं ठेवलीत तर तुमचं टेबल बंद पडलंच समजा. आम्ही त्यांनाच विचारलं की हॅमशिवाय कांदा, लसूण, व्हिनेगर, मिरची घालून कराल का, त्यांनी करून बघितलं, आता तेच भांडं आधी संपतं. आणि पोटॅशियमवालं मीठ कुणाला सरसकट सुचवू नका, किडनीचा त्रास असेल किंवा लिसिनोप्रिल, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याचं वाढू शकतं.

आठवी पायरी: तोंड बंद, कार्ड कुलपात

चर्चमध्ये बातमी प्रार्थनेच्या नावाने पसरते. "सिस्टर अमक्यांचं प्रेशर १९० आहे, प्रार्थना करा", प्रेम असतं हो त्यामागे, पण त्या सिस्टरने ते मला बंद खोलीत सांगितलेलं असतं. विचारल्याशिवाय प्रेयर लिस्टवर आजाराचा एक शब्द नाही, पाळकांनाही नाही. हिपा (पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा) कायदा चर्चच्या टेबलाला बहुतेक लागू होत नसला तरी तुमचं लायसन्स तुमच्याबरोबर चर्चमध्ये येतं. प्रत्येक भेटीची नोंद करा, तारीख, हात, कफ, दोन्ही रीडिंग, काय बोललो, पुढे काय ठरलं. एक कार्ड त्यांच्या पाकिटात डॉक्टरला दाखवायला, एक तुमच्या कुलूपबंद कपाटात.

नववी: बुधवारचा फोन

रविवारी ज्यांचं जास्त आलं त्यांना बुधवारी फोन. मी संध्याकाळी सातला करते, दोन-तीन मिनिटं. अपॉइंटमेंट मिळाली का, कधीची, गाडी आहे का, घरी मोजलं का (घरी सकाळी दोन आणि रात्री दोन रीडिंग, डॉक्टरकडे जायच्या आधी आठवडाभर). ज्यांना घरचं मशीन झेपत नाही त्यांच्यासाठी आम्ही मंडळीच्या निधीतून चार मशीन घेतलीत, लायब्ररीसारखी महिनाभर नेतात आणि परत आणतात. परत आलं की आधी मी स्वतःवर आणि टेबलाच्या मशीनवर ताडून बघते.

सुरुवातीला दर रविवारी टेबल लावू नका, महिन्यातून एक रविवार पुरे, उरलेले तीन फॉलोअपला ठेवा. दहा जणांचं बीपी घेऊन दहाही जणांना फोन केलात तर ते चाळीस जणांचं नुसतं घेण्यापेक्षा कितीतरी बरं.

आणि भारतात सुट्टीवर जाल तेव्हा दुसरी नर्स ठरवूनच जा, नसेल तर निदान ज्यांचं अजून ताब्यात नाही त्यांना स्वतः सांगून जा की मी पाच आठवडे नाहीये, या तारखेला परत येईन, तोपर्यंत डॉक्टरचा हा नंबर. मी पहिल्यांदा न सांगता गेले होते, परत आले तर दोन जण दर रविवारी त्या बंद खोलीबाहेरच्या खुर्चीवर पाच मिनिटं बसून, न बोलता, घरी जात होते.